विहीणबाईंच्या दारात अडुसष्ट

मोठीबाईंनी दुधाला विरजण लावून पातेलं नुकतंच पेटीवर ठेवलं होतं, तेवढ्यात त्यांचा मुलगा कानात इअरफोन, गळ्यात मीटर आणि हातात काठीएवढी अँटेना अशा अवतारात स्वयंपाकघरात घुसला. पायात बूट. मोठीबाईंच्या स्वयंपाकघरात बूट घालून यायची त्यांच्या यजमानांचीही कधी छाती झाली नव्हती.

"मेल्या, बूट!" मोठीबाई कडाडल्या.

मुलगा दोन्ही कान धरून खाली वाकला. तेच दोन शब्द, तेवढ्याच जोरात, त्याच्या कानातही वाजले होते. त्यानं तोंडावर बोट ठेवून आईला गप्प राहायची खूण केली. हेसुद्धा या घरात आजवर कुणी केलं नव्हतं. मग त्यानं पेटीची भिंतीतली पिन उपटली.

"अरे, दही माझं!"

"आई," तो घाम पुसत म्हणाला, "तू रेडिओवर आहेस."

"मी ओट्यापाशी आहे."

"ओट्यापाशीच आहेस. पण सगळ्या गल्लीला ऐकू येतेयस."

मोठीबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग झाऱ्याशेजारच्या खिळ्यावर लोंबणाऱ्या त्या काळ्या बोंडाकडे. ते बोंड म्हणजे माईक आहे हे त्यांना त्या क्षणापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यांनी विचारलंही नव्हतं, कारण विचारायची त्यांना सवय नव्हती.

मुलगा एका एफएम स्टेशनात नोकरीला होता. काम काय, तर गाडीत मीटर घेऊन गावभर हिंडायचं, आपल्या स्टेशनचा सिग्नल कुठं किती जोरात येतो, गावातल्या दुसऱ्या स्टेशनचा किती येतो, ते मोजायचं आणि नकाशात रंग भरायचे. सारखं गच्च्यांकडे बघत चालायची सवय लागल्यामुळं गल्ली त्याला अँटेनाच म्हणायची. घरी रेडिओ तपासायला म्हणून त्यानं रेडिओवर आवाज सोडणारी एक छोटी पेटी बनवली होती. गच्चीवरची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत यायची म्हणून पेटी खिडकीतल्या फळीवर, आणि तीही बंद. थंडी पडली, मोठीबाईंचं दही लागेना. एक दिवस धूळ पुसताना त्यांच्या हातून बटण दाबलं गेलं, लाल दिवा लागला आणि घटकाभरात पेटी कशी छान कोमट झाली. "एवढा शिकलास, शेवटी एक तरी कामाची वस्तू केलीस बाबा," असं मनाशी म्हणून त्यांनी तिच्यावर पातेलं ठेवलं. लोंबणारं बोंड बरं दिसेना म्हणून खिळ्याला अडकवलं. त्या दिवसापासून दही असं लागायचं की सुरीनं कापावं.

"किती दिवस झाले?" मुलानं विचारलं.

"थंडी पडल्यापासून. तीन आठवडे. सकाळी दहाला लावते, चारला काढते."

"म्हणजे तू आणि मावशी फोनवर बोलता तेव्हा..."

मोठीबाईंचे हात ओटा पुसता पुसता थांबले. धाकट्या बहिणीशी त्या रोज बोलत. हात कामात असतात म्हणून फोन स्पीकरवर टाकून बोलत. आणि फोनवर विश्वास नव्हता म्हणून मोठ्यानं बोलत.

"मावशीचं पण गेलं?"

"मावशीचा आवाज जरा बारीक येतो. तुझा मात्र खणखणीत." मुलगा स्टुलावर बसला. "तीन आठवडे मी शोधतोय गं. आपल्या भागात आमच्या स्टेशनला भोक पडलंय. गाणं लागलं की मधेच कुणीतरी बाई बोलते, अशा तक्रारी. साहेबांना वाटलं दुसऱ्या स्टेशनचा खोडसाळपणा. आज मीटर घेऊन एकेक गल्ली पार करत आलो. काटा वाढत वाढत आपल्याच जिन्यावर चढला."

मोठीबाई खाली बसल्या. तीन आठवड्यांत आपण काय काय बोललो ते त्यांना सलग आठवायला लागलं. औषधवाल्याच्या दुकानातल्या जुन्या तारखांबद्दल बोलल्या होत्या. समोरच्या शिंपिणीनं ब्लाउजचं कापड चोरलं त्याबद्दल बोलल्या होत्या. तेही एकवेळ चाललं असतं. पण बुधवार! बुधवारी त्या विहीणबाईंबद्दल बोलल्या होत्या. धाकट्या लेकीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं, आणि नवऱ्यामुलाच्या आईबद्दल त्यांनी पाऊण तास, मुद्देसूद, असं सगळं सांगितलं होतं की खुर्च्यांची प्लास्टिकं काढत नाहीत, पाहुणा बसला की कर्रकर्र वाजतं, बिचाऱ्यानं उठून घरी जावं म्हणूनच ठेवलंय ते, आणि नवरामुलगा तसा बरा आहे, पण नाव विचारलं तरी आधी आईच्या तोंडाकडे बघतो.

"कुठवर गेलं?" त्यांनी विचारलं.

मुलानं नकाशा पसरला. मोठीबाईंची शाळा दुसरीतच सुटली होती, पण गावातलं घर न् घर त्यांना तोंडपाठ होतं. त्यांचं बोट सरळ आपल्या छपरावर पडलं.

"इथं तुमच्या स्टेशनचा जोर किती?"

"चोपन्न डेसिबल."

"आणि त्या दुसऱ्यांचा?"

"एकोणपन्नास."

"माझा?"

मुलगा अडखळला. "इथं... ब्याण्णव."

मोठीबाई हादरलेल्या होत्या, लेकीच्या काळजीनं त्यांचा जीव टांगणीला लागला होता, हे सगळं खरं. तरी त्यांची मान क्षणभर ताठ झाली. मग बोट सरकत सरकत पाण्याच्या टाकीपलीकडे विहीणबाईंच्या घरावर थांबलं. तिथं रंगच नव्हता.

"हे पांढरं का?"

"तिथलं मोजलं नाही अजून. टाकीच्या मागं सिग्नल मरतो बहुतेक. पण खात्री नाही. मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"मग मोज."

"आत्ता?"

"लग्न झाल्यावर मोजणार आहेस का?"

मुलानं माईक उपटून खिशात घातला आणि पिन परत भिंतीत लावली. नुसती पेटी चालू ठेवली तरी मीटरला जोर कळतो, आवाज लागत नाही, असं त्यानं समजावलं. "चालूच ठेवणार ना?" म्हणून मोठीबाईंनी पातेलं पेटीवरच राहू दिलं, आणि मग दोघं गाडीत बसले.

गल्ली ओलांडायच्या आतच पहिला धक्का बसला. औषधवाल्याच्या दारात नवी पाटी होती: 'सर्व औषधे ताज्या तारखेची. खात्री करून घ्यावी.' मोठीबाईंनी पदर कपाळापर्यंत ओढला.

"एक्क्याऐंशी," मुलगा म्हणाला.

"आकडे सांगू नकोस मला!"

कोपऱ्यावर शिंपीण रस्ता ओलांडत होती. गाडी दिसताच खिडकीशी आली आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी मोठीबाईंच्या मांडीवर टाकलं. "तुमचं उरलेलं कापड. वीतभर होतं. चोरलं नव्हतं, विसरले होते. आणि हे बघा, तुम्ही सुरू झालात की मशीन थांबवते मी, धागा तुटतो हसून. आज मधेच का बंद पडलात?"

मोठीबाईंना कापडाचं काय करावं ते कळेना. शिंपीण निघून गेली तशा त्या मुलाकडे वळल्या.

"हिनं ऐकलं! हिला राग नाही आला?"

"आई, आपण टाकीकडे चाललोय."

टाकी जवळ आली तसा आकडा उतरायला लागला. साठ. अठ्ठेचाळीस. टाकीच्या सावलीत एकतीस, आणि तिथं दुसऱ्या स्टेशनचं गाणं खुशाल वाजत होतं. मोठीबाईंनी हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याचा आवाज आपल्यापेक्षा मोठा असल्याचा त्यांना आनंद झाला. पण रस्ता टाकीला वळसा घालून थोडा चढावर गेला, आणि मुलाचा चेहरा पडला.

"किती? सांग की!"

"सांगू नको म्हणालीस ना?"

"सांग म्हणते ना!"

"पंचावन्न. साठ." गाडी विहीणबाईंच्या फाटकाशी थांबली. "अडुसष्ट."

"आणि तुमच्या स्टेशनचा?"

"चाळीस. दुसऱ्यांचा बेचाळीस. इथं तूच सगळ्यात पुढं आहेस."

तेवढ्यात विहीणबाई दारात आल्या. "अगबाई, तुम्ही? न कळवता? या, या!" आता माघार घेणं शक्य नव्हतं. मोठीबाई खुर्चीवर बसल्या. खुर्ची कर्रकर्र वाजली.

चहा आला. व्याही पेपरमागं होते. कपाटावर रेडिओ होता, त्याची एरियलची कांडी खिडकीकडे ओढलेली. मुलानं सुरुवात केली. "आमच्या स्टेशनची पाहणी चाललीय. तुमच्याकडे कोणकोणती स्टेशनं लागतात?"

"सगळी लागतात की," विहीणबाई म्हणाल्या. "तुमचं जरा खरखरतं, रागावू नका. ते दुसरं बरं लागतं. आणि मधे ते एक नवीन लागायचं, ते तर अगदी स्वच्छ."

मोठीबाईंनी कप तोंडासमोर धरला.

"नवीन?" मुलानं विचारलं. "ऐकता ते?"

"छे हो! दोन मिनिटं ऐकलं असेल एकदा. कुणी म्हातारी कुरकुर करत असते. आम्हाला वाटलं नाटक आहे. पण बाईला काही जमत नाही बघा. फाटका आवाज, गोष्टीला धड सुरुवात नाही की शेवट नाही. हे म्हणाले, बंद कर, डोकं उठलं."

"मीच म्हणालो," पेपरमागून व्याही म्हणाले.

मुलगा लगेच उठला. "चल आई, अजून बरीच घरं करायचीत." लग्न वाचलं होतं. चहा संपवायचा, हसायचं आणि दाराबाहेर पडायचं, एवढंच काय ते उरलं होतं.

मोठीबाई उठल्या नाहीत.

"फाटका?" त्या म्हणाल्या.

"आई, चल."

"थांब रे. फाटका म्हणालात? अहो, ती बाई सुरू झाली की शिंपीण मशीन थांबवते! औषधवाल्यानं पाटी लावली तिच्या धाकानं! ब्याण्णव आहे तिचा जोर, ब्याण्णव! तुमच्या या दाराशी अडुसष्ट! पगारी माणसं ठेवून दोन स्टेशनांना मिळून जमलं नाही ते तिनं भाजी चिरता चिरता केलं!"

"असेल हो," विहीणबाई गोंधळून म्हणाल्या. "आम्हाला आपलं रटाळ वाटलं."

"रटाळ!" मोठीबाई उभ्या राहिल्या. "ती मी होते!"

मुलानं डोळे मिटून घेतले. व्याह्यांचा पेपर हळूहळू खाली आला. विहीणबाईंनी कप बशीत ठेवला.

मग विहीणबाईंनी आपली खुर्ची ओढून मोठीबाईंच्या अगदी जवळ आणली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उत्सुकता होती, आणि ती रागापेक्षा फार वाईट होती.

"तुम्ही? रोज? मग बंद करून चुकलंच की आमचं! आता बसा निवांत. पहिल्यापासून सांगा, काय काय बोललात, कुणाकुणाबद्दल बोललात. एक शब्द गाळू नका."

मोठीबाईंनी तोंड उघडलं.

"जरा पाणी मिळेल का?" त्या म्हणाल्या, इतक्या हळू की शेजारी बसलेल्या विहीणबाईंनाही पुन्हा विचारावं लागलं.