गोणीतल्याचं नाव काढायचं नाही

सिद्रामप्पा सिमेंटचं नाव घेत नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, पण त्यात निदान आदर असायचा. अप्पा त्याला 'त्ये गोनीतलं' म्हणतात आणि म्हणताना तोंड असं करतात, की ऐकणाऱ्याच्याच दाताखाली खडा यावा. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तो शब्द निघाला, तर त्याला ताबडतोब चुना कुटायला बसवतात. मी इंजिनिअर, माझं सगळं शिक्षण त्याच शब्दावर झालेलं. पहिल्याच आठवड्यात माझ्या तळहातांना फोड आले.

सोलापूरबाहेर, कुंभारीच्या वाटेवर एक जुनी दगडी धर्मशाळा आहे. तिची दुरुस्ती चुन्यातच करायची आणि ती करता करता शहरातल्या अनुभवी गवंड्यांना जुनी कारागिरी शिकवायची, अशी एका संस्थेची थोर कल्पना. शिकवायला अक्कलकोटकडचे सिद्रामप्पा, वय सत्तरीपुढे. देखरेखीला मी, म्हणजे सह्या करायला. शिकायला दहा-बारा गवंडी. या मंडळींनी आयुष्यभर अपार्टमेंटी उभ्या केल्या होत्या आणि आपल्याला काही येत नाही, ही बातमी त्यांना प्रथमच कळत होती.

त्यांचा पुढारी नागनाथ, म्हणजे सगळ्यांचा नागूमिस्त्री. त्याने पहिल्याच दिवशी छाती पुढे काढून सांगितलं, "अप्पा, ह्या हातानं सात मजली बिल्डिंग उभी केलीया."

"म्हनूनच म्हनतो," अप्पा म्हणाले, "हात धुऊन या."

सुरुवातीला त्यांनी कोणाला थापीला हात लावू दिला नाही. "आदी हाताला इसरू द्या, मग शिकू." विसरायचं कसं, हे काही सांगितलं नाही. भलेभले मिस्त्री ओसरीत ओळीने बसून चुना कुटत होते. त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी. मी गूळ मागवला की ऑफिसातून विचारणा व्हायची, तिथे बांधकाम चाललंय की बारसं? अप्पांना विचारलं असतं तर त्यांनी बारसंच सांगितलं असतं.

कारण ओल्या गिलाव्यासमोर भांडायला त्यांची सक्त मनाई होती. दोन गवंड्यांची जुंपली की अप्पा दोघांना रस्त्यावर हाकलायचे. "हितं न्हाय. वला हाय त्यो अजून." मोबाइलवरची गाणीसुद्धा भिंत वाळेपर्यंत बंद. काही बिनसलं की कानडीतून "ब्याड, ब्याड!", म्हणजे नको, नको. आणि काम चांगलं झालं, तर मात्र काहीच बोलायचे नाहीत. आम्ही सगळे त्या मौनासाठी जीव टाकत होतो.

नागू आधी फार हसायचा. पुढे पुढे तोही बोटांत चुना चोळून, डोळे मिटून बघायला लागला. डबा उघडला की पहिली भाकरी अप्पांपुढे सरकवायचा. "लई जाड थापलीया," म्हणत अप्पा ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खायचे.

मग संस्थेचे साहेब पाहणीला येणार असं कळलं. ओसरीची भिंत बघून ते ठरवणार होते, अप्पांचा पुढचा वर्ग चालू ठेवायचा की गाशा गुंडाळायचा. आता चुना घट्ट व्हायला आठवडेच्या आठवडे घेतो. आणि साहेब तर भिंतीवर अंगठा दाबणारच. भिंतीची तेवढी एकच परीक्षा साहेब लोकांना येते. गवंडी दिवसातून चारदा भिंत चाचपू लागले. त्यांच्या धंद्यात आज लावलेल्या गिलाव्यात उद्या अंगठा रुतला, तर मुकादम सात पिढ्या उद्धरतो.

पाहणीच्या आदल्या दिवशी अप्पांनी नुकत्याच लावलेल्या भिंतीला नख लावून पाहिलं. ओरखडाही उठला नाही. ते बराच वेळ गप्प राहिले. आम्हाला वाटलं, काम पसंत पडलं.

"छिन्नी आना," ते म्हणाले. "गोनीतलं हाय ह्यात."

नागूची मान खाली गेली. सगळ्यांनाच कळलं. मी अप्पांना बाजूला घेतलं. "राहू द्या की अप्पा. साहेबांना काय कळतंय? वर्ग जाईल तुमचा."

"सायबाला न्हाय कळायचं. आतल्या दगडाला कळंल की. त्याची वल आत कोंडंल आन् त्यो सडंल." मग गवंड्यांकडे वळून म्हणाले, "कुनी घातलं, त्ये इचारायचं न्हाय. उकला समदं."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी उघडी भिंत बघून भुवया चढवल्या. नागू पुढे झाला. "सायेब, त्ये मी..."

"गप ऱ्हा रं!" अप्पा कडाडले. "सायेब, प्रमान माजंच चुकलं. वय झालं आता."

साहेबांना ते लगेच पटलं. म्हाताऱ्याचं वय झालं, हे पटायला कोणाला पुरावा लागत नाही. चहा घेऊन त्यांनी वर्ग बंद केला, अप्पांच्या दीर्घ सेवेबद्दल दोन गोड शब्द बोलले आणि ऊन चढायच्या आत निघून गेले.

संध्याकाळी अप्पांना मोटारसायकलवर घेऊन मी शहरातल्या त्यांच्या खोलीवर सोडायला निघालो. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ट्रंकेसकट सगळा संसार आमच्या दोघांच्या मध्ये मावला होता. मला साहेबांचा राग आला होता, पण तो मी अप्पांवर काढला.

"नागूचं काम होतं हे. तुम्हाला माहीत होतं."

"त्याचा हात वळखतो की मी."

"मग स्वतःवर कशाला घेतलं?"

"त्याचं नाव खराब झालं, तर फुडं चुन्याचं काम कोन देईल त्याला? येतंय त्याला आता." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "पर त्यानं घातलं कशापायी? कामचुकार न्हाय त्यो."

"तुमच्यासाठी, अप्पा. भिंत मऊ लागली तर तुमचा वर्ग जाईल म्हणून. काल माझ्याजवळ रडला तो."

अप्पा खोलीशी उतरले, ट्रंक खाली ठेवली, किल्ली काढली आणि ती हातातच धरून उभे राहिले. शेजारच्या ओट्यावर एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. अप्पा कधी कोणाशी आपणहून बोलत नाहीत. ते मुद्दाम त्यांच्यापाशी गेले.

"ऐकलं का," लोक पोराचा पहिला पगार सांगतात त्या सुरात ते म्हणाले, "आमच्या नागूनं माज्यासाटी लबाडी केली."