एवढी पदवी घे, मग उडी मार

एका जंगलात, मुलांनो, एक डबकं होतं. तिथले बेडूक त्याला सरोवर म्हणत. तुम्हीही तसंच म्हणा, नाहीतर त्यांना राग येतो.

बेडकाचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला पाय नसतात, शेपूट असतं. ते माशासारखं पोहतं. मग पाय फुटतात, शेपूट झडतं आणि पिल्लाचा बेडूक होतो. हे तुम्हाला शाळेत शिकवलंय. बेडकांना शिकवलेलं नव्हतं. त्यांच्या शाळेत हा धडाच नव्हता.

त्यांच्या शाळेचं नाव पुच्छ विद्यामंदिर. तिथे एकच विषय होता, शेपूट हलवणे. पहिलीत डावीकडे, दुसरीत उजवीकडे आणि वरच्या वर्गात दोन्हीकडे. मुख्याध्यापक होते मरळ मास्तर. ते स्वतः मासा. शेपटापलीकडे जगात काही असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यामुळे ते फार आत्मविश्वासाने शिकवत.

संस्थेचे संस्थापक अध्यक्ष होते बगळेसाहेब. पांढरेशुभ्र कपडे, हळू चालणं, त्याहून हळू बोलणं. बगळ्याने बेडकांच्या पोरांसाठी शाळा का काढली असं विचारू नका. शाळा कोण कशासाठी काढतो हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

या डबक्यातल्या प्रत्येक मोठ्या बेडकाला चांगले चार पाय होते. पण उडी कुणी मारत नसे. शिकलेल्या बेडकाने उडी मारणं हलकं समजलं जाई. सगळे दगडांवर बसून आपापल्या झडलेल्या शेपटाच्या गोष्टी सांगत. त्यांत सर्वांत लांब गोष्ट फुगोबाची असे.

फुगोबाची मुलगी बुडबुडी शेपटात हुशार निघाली. पूर्वपरीक्षेत ती पहिली आली. फुगोबाने डासांचे पेढे वाटले. कमळाच्या पानावर मोठ्ठं अभिनंदन झळकलं. त्यावर बगळेसाहेबांचं चित्र होतं आणि कोपऱ्यात बारीकशी बुडबुडी होती.

आणि दुसऱ्याच दिवशी पोरीला मागचे पाय फुटले.

"अहो, ऐकलंत का?" तिची आई डरावबाई कुजबुजली. "पोरीला पाय आलेत."

"हळू बोल! शेजारी ऐकतील," फुगोबा म्हणाला. शेजारी आधीच ऐकत होते. त्यांच्या पोराचा नंबर दुसरा होता.

दोघं तिला मास्तरांकडे घेऊन गेले. मास्तरांनी पाय बघितले आणि तोंड वाकडं केलं.

"होतं असं ऐन परीक्षेच्या वर्षात. मन भरकटलं की काहीबाही फुटतं. बांधून ठेवा. जादा तासाला पाठवा."

डरावबाईने शेवाळाच्या दोऱ्या वळल्या आणि पाय पोटाशी घट्ट बांधले. शेवाळ वाळलं की तुटतं, म्हणून ती रोज सकाळी दोऱ्या ओल्या करी. आईची माया, दुसरं काय!

पुढे आणखी वाईट झालं. पुढचेही पाय आले आणि शेपूट आखडू लागलं. जादा तास वाढवले तसं ते आणखी आखडलं. एक दिवस उरलंच नाही.

"शेपूट कुठाय?" फुगोबा ओरडला.

"गेलं, बाबा."

"गेलं म्हणजे? आम्ही तुझ्यासाठी काय कमी केलं?"

"बाबा, तुमचंही गेलंय की. आणि तुम्हालाही पाय आहेत."

"मला पाय आले ते पदवी घेतल्यावर!" फुगोबा टम्म फुगला. "आणि मी ते कधी वापरले का? एकदा तरी?"

खरंच, त्याने ते कधी वापरले नव्हते. या बाबतीत माणूस, म्हणजे बेडूक, अगदी सच्चा होता.

आता या घरात एकच जण असा होता की ज्याला सगळे वेडं समजत. ती म्हणजे फुगोबाची थोरली बहीण, टुणुआत्या. आपल्या काळी तीही शेपटात पहिली आली होती. आता उतारवयात तिने उडी शिकायला घेतली होती. रोज दगडावर चढायची, उडी घ्यायची आणि थोबाडावर आपटायची. सगळं डबकं हसायचं.

"गोवऱ्या मसणात गेल्या आणि हिला उड्या सुचतायत!" शेजारी म्हणत.

"वन्सं, या वयात शोभतं का हे?" डरावबाई म्हणे.

"शोभत नाही गं," आत्या तोंडातला चिखल थुंकून म्हणे. "पण पूर्वीपेक्षा जरा लांब पडतेय."

बुडबुडीने तिला एकदा हळूच विचारलं, "आत्या, शेपूट गेलं तेव्हा तुला काय वाटलं?"

"खूप रडले. सगळं आयुष्य त्याच्यावर उभं होतं ना! रडून रडून डोळे सुजले. मग खाली मान घातली, तर हे पाय. इतकी वर्षं तिथेच होते मेले."

बुडबुडी हसली. आणि मग तिला रडू फुटलं. तिच्या पोटाशी दोऱ्या आवळलेल्या होत्या आणि त्यांच्या आत पाय सारखे फुरफुरत होते.

वैशाख लागला. डबकं आटू लागलं. आधी काठ गेला, मग वर्गांच्या भिंती, म्हणजे लव्हाळी, उघडी पडली. पाणी जसं आत सरकलं तसे बगळेसाहेबही आत सरकले. संस्थेकडे जातीने लक्ष देणारा असा अध्यक्ष मिळायला भाग्य लागतं, असं पालक म्हणाले.

"फुग्या, पाणी संपतंय," टुणुआत्या म्हणाली. "टेकडीपलीकडे नदी आहे. मी निघाले. पोरीला माझ्याबरोबर दे."

"अक्का, डोकं ठिकाणावर आहे का? पुढच्या पौर्णिमेला पदवीदान आहे!"

"पौर्णिमेपर्यंत पाणी राहणार नाही."

"पाण्याचं काय घेऊन बसलीस? अर्धवट शिक्षण सोडून पोर नदीवर गेली तर लोक विचारतील, काय झालं म्हणून. मी काय सांगू?"

"बाबा, मला जायचंय," बुडबुडी म्हणाली. "मला उडी शिकायचीय."

तेव्हा फुगोबा एकदम मऊ झाला. बाप मऊ झाला की सावध राहावं, मुलांनो. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "शीक की! मी कुठे नको म्हणतोय? फक्त एवढी पदवी घे. एकदा हातात पडू दे. मग उडी मार, नाहीतर विमान हो. आम्ही तुला अडवलंय का कधी?"

पाय बांधलेल्या बुडबुडीने मान हलवली. आत्या एकटीच निघाली. पडत, उठत, शिव्या देत ती टेकडीआड गेली.

पण पदवीला शेपूट हवं. त्याचीही सोय होती. डबक्यात एक खाजगी क्लास होता, तिथे लव्हाळ्याच्या पात्याचं शेपूट बेमालूम चिकटवून मिळे. बुडबुडीला तसं शेपूट लागलं. ते लावून तिने शेवटची परीक्षा दिली आणि ती पुन्हा पहिली आली. मरळ मास्तर म्हणाले, "इतकं सरळ शेपूट मी उभ्या हयातीत पाहिलं नाही." सरळ असणारच. गवत होतं ते.

पौर्णिमा आली. पाणी उरलं होतं खळगाभर. मध्ये एक काळा खडक उघडा पडला होता, तेच व्यासपीठ. बगळेसाहेब वर उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही पंख पसरले. खालून पालकांना फक्त पांढरी पाठ दिसत होती. विद्यार्थ्याने एकेकट्याने पंखाआड जायचं, शेपूट दाखवायचं आणि पदवी घ्यायची, असा शिरस्ता ठरला.

"मुलांनो," साहेब हळू बोलले, "काही मुलं लाइन सोडतात. तुम्ही सोडली नाहीत. तुम्ही लाइनीतच उभे आहात. मी आज किती भरून पावणार आहे, हे मला शब्दांत सांगता येत नाही."

टाळ्या झाल्या. पहिलं नाव बुडबुडीचं.

सकाळपासून डरावबाई लेकीला नटवण्यात गुंतली होती. दोऱ्या ओल्या करायच्या ती विसरली. खडक तापलेला होता. पुढच्या पायांवर सरपटत बुडबुडी पंखाआड पोचेपर्यंत शेवाळ वाळून कडकडीत झालं.

"शेपूट बघू," साहेब म्हणाले आणि त्यांनी चोच उघडली.

शेपूट चोचीत आलं. फक्त शेपूट. गवताला हिसका बसला आणि चिकटवलेलं सुटलं. पोरीने घाबरून जिवाच्या आकांताने अंग ताणलं, तशा दोऱ्या तटातट तुटल्या, आणि तिच्या हातून, खरं म्हणजे पायांतून, आयुष्यातली पहिली उडी झाली. चांगली नव्हती. ती तोंडावरच पडली. पण पडली ती खडकापलीकडे. उठली, पुन्हा पडली आणि टेकडीच्या दिशेने दिसेनाशी झाली.

सगळं डबकं हळहळलं. शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान पसरलं.

"पदवी न घेता गेली!" फुगोबा कपाळ बडवू लागला. "पोरीने नाक कापलं! एका पावलावर आली होती हो!"

मग त्याने डोळे पुसले. छाती फुगवली आणि एकेक पाऊल टाकत, एकही उडी न मारता, तो खडक चढला.

"साहेब," तो हात जोडून म्हणाला, "तिच्या वतीने मी स्वीकारतो."

साहेबांनी त्याला आदराने पंखाआड घेतलं.

त्यानंतर सगळी नावं क्रमाने पुकारली गेली. एकेक विद्यार्थी आत गेला. बाहेर कुणी आलं नाही. "हातोहात नोकऱ्या लागल्या असणार," पालक एकमेकांना म्हणाले, आणि आपल्या पाळीची वाट पाहत शिस्तीत बसून राहिले.

बुडबुडी नदीवर आत्याकडे आहे. दोघी अजून उडी शिकतात. अजून पडतात.

तात्पर्य: मुलांनो, शिक्षण कधीही अर्धवट सोडू नये. ज्यांनी सोडलं त्यांना आजतागायत पदवी मिळालेली नाही. आणि ज्यांनी पूर्ण केलं, त्यांच्यापैकी एकाचीही संस्थेकडे तक्रार आलेली नाही.