चाकांवरची सोय

सेतुमामा कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की आधी त्या घरातला संडास बघतात. आमच्याकडे आले तेव्हा मी हौसेने पोह्यांची बशी घेऊन बाहेर आले, तर सोफ्यावर कोणीच नाही. मामा आमच्या न्हाणीघरात उकिडवे बसून फरशीवर टेप लावत होते.

"बाई, उतार उलटा आहे," ते वर न बघता म्हणाले. "पाणी दाराकडे येतें. गवंडी कोण?"

मला असा संताप आला म्हणता! ओळख ना देख, आणि हा माणूस माझ्या संडासात बसून माझ्या गवंड्याची चौकशी करतोय. पण पाणी दाराकडे येत होतं हे खरं होतं. रोज सकाळी खराट्याने ते मागे लोटताना मीच त्या गवंड्याचा उद्धार करायची. मी मुकाट्याने पोहे परत झाकून ठेवले.

सेतुमाधव राव हे त्यांचं पूर्ण नाव. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात संडासांच्या फिटिंगच्या खात्यात सारी नोकरी गेली. "बर्थवर मी कमी झोपलो, पण या देशांतल्या पुष्कळ संडासांत मी आधी बैसलो, मग लोक बैसले," असं ते छाती पुढे काढून सांगत. मागल्या कित्येक पिढ्या तंजावरच्या. त्यामुळे मराठी आजोबांच्या आजोबांची, हेल तमिळ, आणि मध्येच "सेरी", म्हणजे 'बरं', म्हणून मान डोलवायची. मी साताऱ्याची. नवऱ्याची बदली इथल्या आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात झाली तेव्हा आई म्हणाली होती, गावाचं नाव तरी बरं आहे. पुढे आम्ही अंबत्तूरला फ्लॅट घेतला आणि खालच्या मजल्यावर हे निघाले. अख्ख्या चेन्नईत मराठी शेजार मिळावा आणि तो असा!

बिल्डिंगमधली पोरं त्यांना मागून कक्कूस मामा म्हणायची. कक्कूस म्हणजे तमिळमध्ये संडास. मामांना ते माहीत होतं. त्यांचं काही बिघडत नव्हतं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "पाणी कुठें जातें तें बघा आधी!" ते घराला लावायचे, देवळाला लावायचे, निवडणुकीला लावायचे. माझ्या भाचीला स्थळ आलं तेव्हा मुलगा इंजिनिअर, पगार उत्तम, असं मी कौतुकाने सांगत होते. मामा म्हणाले, "तें सेरी. त्यांच्या घरीं पाणी कुठें जातें?" मी हात जोडले.

अंबुजामामी त्यांच्या अगदी उलट. बारीक आवाज, नऊवारी अजून सुटलेली नाही, आणि 'संडास' हा शब्द तोंडातून निघणं अशक्य. मामींचा शब्द होता 'सोय'. कुठे लग्नाला बोलावलं, हळदीकुंकवाला बोलावलं, की पदर सावरत एवढंच विचारायच्या, "तिथें सोय आहे ना?" मधुमेह होता, थांबवणं जमत नसे. आपल्यातल्या बायकांना हा प्रश्न बरोबर कळतो. पुरुषांना कळेल याची खात्री नाही, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

मराठी मंडळाची तंजावरची सहल निघाली होती. मामींची थोरली बहीण, अक्का, तंजावरला. अंथरुणाला खिळलेली, रोज फोनवर "कधी येतेस?" म्हणून विचारणारी. मामींनी धीर करून सहलीच्या कारभाऱ्यांना फोन केला. हे गृहस्थ नुकतेच पुण्याहून बदलून आलेले, उत्साह ओसंडून वाहणारा. मामींनी विचारलं, "वाटेंत सोय आहे ना?"

"अहो मावशी, फर्स्टक्लास सोय आहे! नाश्ता, जेवण, प्रत्येकाला पाण्याची बाटली, काही म्हणजे काही कमी पडणार नाही."

मामी निघाल्या. मी शेजारच्या सीटवर होते, म्हणून मला माहीत आहे. विळुप्पुरमच्या पुढे रस्त्यावर काहीतरी उलटलं होतं आणि दोन्हीकडे गाड्यांची रांग लागली. मामी आधी गप्प झाल्या. मग घामाने भिजल्या. मी ड्रायव्हरला सांगितलं, कारभाऱ्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, खाली उतरून पेट्रोल पंपापर्यंत पळत गेले, तिथल्या संडासाला कुलूप. परत आले तोवर व्हायचं ते झालं होतं. बसमध्ये सगळे खिडकीबाहेर बघू लागले. कारभाऱ्यांनी बिचाऱ्यांनी चांगुलपणाने सीटवर वर्तमानपत्र पसरलं. त्या कागदाचा जो आवाज झाला ना, तो सगळ्या बसने ऐकला.

मामींनी तिथूनच परत न्यायला सांगितलं. मामा घरून टॅक्सी घेऊन आले आणि त्यांना परत घेऊन गेले. त्यानंतर मामी फाटकाबाहेर पडल्या नाहीत. देवळात नाही, बाजारात नाही. आणि पाणी प्यायचं सोडलं. सकाळी गोळीपुरतं पाणी, संध्याकाळी घोटभर ताक, बस्स. मी ओरडायची, "मामी, चेन्नईच्या उन्हात मराल अशानं!" त्या म्हणायच्या, "पाणीच नाहीं प्यायलें तर सोय लागत नाहीं गं."

आणि मामांनी पार्किंगमध्ये गाडी बांधायला घेतली.

त्यांच्या वाट्याची पार्किंगची जागा रिकामीच होती. एके दिवशी तिथे भंगारातला दोन चाकांचा सांगाडा येऊन पडला. मग लोखंडी कोनपट्ट्या, प्लायवूड, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे. छोट्या ट्रकच्या मागे जोडायची, दोन माणसांची, छोटीशी घरगाडी. पुढे एक बाकडं, झोपायला आणि बसायला तेच. एक स्टोव्ह. आणि मागे संडास-न्हाणी, एका कपाटाएवढी. एखादा माणूस आधी चाकं, मग छप्पर, मग बाकडं करील की नाही? मामांनी सुरुवातच कमोडपासून केली. छप्पर नाही, भिंती नाहीत, आणि पार्किंगच्या मधोमध चाकांवर एकटा पांढराशुभ्र कमोड. येणारे-जाणारे स्कूटर थांबवून बघत.

असोसिएशनचे सेक्रेटरी तणतणत खाली आले. पार्किंग म्हणजे कार पार्किंग, बाथरूम पार्किंग नव्हे, हे त्यांनी तीन भाषांत सांगितलं.

मामांनी शांतपणे खाली बोट दाखवलं. "चाकें आहेत. चाकें असलीं कीं गाडी."

सेक्रेटरींनी वर जाऊन नोटीस लावली, आणि मामांनी त्या नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाइपची आकृती काढली.

एकदा मी कढीपत्ता मागायला त्यांच्याकडे गेले, तर हॉलमध्ये फ्रिजचा रिकामा खोका उभा, आणि खोक्यात स्टुलावर मामी बसून शेंगा निवडतायत. मला बघून लाजेने अर्ध्या झाल्या. मामा खडू घेऊन खोक्याभोवती फिरत होते. "गुडघा लागतो काय? उठून दाखव. आतां डावा हात कुठें जातो?" मामींचा उजवा खांदा आखडलेला होता, म्हणून धरायची दांडी डावीकडे हवी होती. बेसिन भिंतीत घडी होऊन जायला हवं होतं, नाहीतर उठताना कपाळाला लागेल. खोक्यावर खडूने मामींचे कोपर, गुडघे, डोकं, सगळं उमटलं होतं. मला आधी हसू फुटलं, आणि मग काय झालं कोण जाणे, कढीपत्ता न घेताच मी वर आले.

पण वर्षं लोटली तरी मामांचं काम पुरं होईल तर ना! फरशीचा उतार त्यांनी तीनदा उखडला. लोटाभर पाणी ओतायचं, वाकून बघायचं, आणि "अय्यो, कोपऱ्यांत राहतें" म्हणून पुन्हा छिन्नी. दाराची कडी लावली की बाहेर लाल पट्टी सरकायची, रेल्वेतल्यासारखी. ती अर्धीच सरकते म्हणून कडी बदलली. मी चिडून म्हटलं, "मामा, नुसतं दार ओढून घ्या आणि तंजावरला निघा! अक्कांचं वय काय, मामींची तब्येत काय! कोण बघतंय तुमची लाल पट्टी?"

त्यांनी हातातली कडी खाली ठेवली. "बाई, त्या दिवशीं सगळ्या बसनें बघितलें," ते म्हणाले. "आतां ती आंत गेली कीं बाहेरून कोणी दार ओढतां कामा नये. अर्धी पट्टी चालायची नाहीं."

मी खाली बसले आणि त्यांना स्क्रू देऊ लागले.

इकडे मामींचे पाय सुजायला लागले. मग चेहरा सुजला. ताप येऊन जायचा, पुन्हा यायचा. इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मधुमेह, वर्षानुवर्षं पाणी न पिणं, सारखं होणारं इन्फेक्शन, खडे. दोन्ही किडन्या संपल्या होत्या. मामा खुर्चीच्या टोकावर बसले होते. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, मग पाणी कुठें जातें?"

ते तमिळमध्ये विचारत होते, पण वाक्य तेच. आजवर जे वाक्य ऐकून मी हसले होते, ते.

"जात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोच तर प्रश्न आहे. सगळं अंगातच राहतं."

तेव्हापासून एक दिवसाआड डायलिसिस. मामी त्या यंत्राला जोडलेल्या, मामा बाहेर बाकावर. आणि हळूहळू लघवी होणंच बंद झालं. यात असं होतं म्हणे. एक दिवस मामींनी मला जवळ बोलावलं आणि त्याच बारीक आवाजात म्हणाल्या, "शुभा, आतां मला सोय लागतच नाहीं गं. आतां कुठेंही जाईन मी." आणि हसल्या. मला ते हसणं सहन झालं नाही, मी मोसंबी सोलायचं निमित्त करून तोंड फिरवलं, तर मोसंबीसुद्धा त्यांना बंद. पाणी मोजून. उन्हाने घसा कोरडा पडायचा, त्या मागायच्या, आणि आता डॉक्टर देत नव्हते. इतकी वर्षं मी त्यांच्यामागे पेला घेऊन धावले होते, तेव्हा त्यांनी घेतलं नाही. देवाला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही.

मला वाटलं, मामा आता गाडी भंगारात काढतील. त्यांनी काढली नाही. डायलिसिसहून आले की मामींना झोपवायचे आणि खाली येऊन छिन्नी घ्यायचे.

आणि गाडी एकदाची पुरी झाली. पण तंजावर आता होत नव्हतं. आज यंत्र, परवा यंत्र, मधल्या एका दिवसात जाऊन येणं मामींना झेपणारं नव्हतं. मामांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "सेरी. कोवळम होतें." कोवळम म्हणजे चेन्नईजवळचा कोळ्यांच्या गावाचा समुद्रकिनारा.

कुट्टी यानै बोलावली. आपण छोटा हत्ती म्हणतो तोच ट्रक. इथेही तो हत्तीच आहे. मागे मामांची गाडी जोडली. कागदपत्रांचं काय केलं होतं ते मी मुद्दाम विचारलं नाही. सेक्रेटरी गॅलरीत उभे होते. मला वाटलं, आता ओरडणार. ते खाली आले आणि त्यांनी फाटकाचे दोन्ही दरवाजे उघडून धरले.

कोवळमला होड्या वाळूवर ओढलेल्या, जाळी पसरलेली, मासळीचा वास नाकात जाणारा. मामींनी लगेच पदर नाकाला लावला. "अय्यो, इथें कां आणलें म्हणून!" पण डोळे समुद्रावर. मामांनी गाडीचं दार उघडून त्यांना बाकड्यावर बसवलं. अक्कांना फोन लावून दिला. मामी फोनवर म्हणाल्या, "अक्का, मी बाहेर आहें. समुद्र आहे. ऐक." आणि फोन समुद्राकडे धरला. तिकडे अक्का मोठ्याने रडायला लागल्या, ते मला इकडे ऐकू आलं.

मग मामी उठल्या. दाराची चौकट धरली, पदर सावरला, आणि नवऱ्याकडे बघून विचारलं, "अहो, सोय आहे ना?"

त्यांना काही लागत नव्हतं. मला माहीत होतं, मामांना माहीत होतं. मामा ताठ झाले.

"आहे," ते म्हणाले. "आहे तर!"

मामी आत गेल्या. कडी लागली, बाहेर लाल पट्टी सरकली, पुरी सरकली. मामा दाराकडे पाठ करून, हात मागे बांधून उभे राहिले. दोन कोळणी टोपल्या घेऊन जवळून चालल्या होत्या, त्यांना त्यांनी हातानेच लांबून जायला सांगितलं. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग तांब्याचा.

मामी बाहेर आल्या तेव्हा पाय धुतलेले होते. रिवाजाप्रमाणे, घोट्यापर्यंत ओले.

"चांगली झाली हो," त्या म्हणाल्या. "अगदीं घरच्यासारखी. दांडी बरोबर हाताशीं येते."

मामा वाळूत आडवे झाले आणि पाइप बघायला गाडीखाली शिरले.

मामींनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "काहीं नव्हतेंच गं. नुसती बैसून आलें. इतकें केलें त्यांनीं."

मामांचे फक्त पाय बाहेर दिसत होते. बराच वेळ गेला. मी वाकून हाक मारणार होते, "मामा, किती वेळ बघताय, गळत नाहीये ना काही?"

मामींनी माझा हात दाबला. "असूं दे, शुभा," त्या म्हणाल्या. "बघूं दे त्यांना पाणी."