सुईत साठ, नोटिशीत चौसष्ट

भावोजी गुप्तहेर म्हणून स्वतःची ओळख करून देण्याआधी खाकरत. "नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं आणि मेंदू... त्याला तर तोडच नाही!" मेंदूबद्दल मेहुण्याचं काहीच म्हणणं नव्हतं, कारण तो आहे याचाच पुरावा अजून मिळायचा होता. त्यांचा सहायक म्हणून मेहुण्याची नेमणूक झाली होती, तीही त्याला न विचारता.

या वेळचं प्रकरण घरातलंच होतं. भावोजींची बायको, म्हणजे मेहुण्याची ताई, ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. वीस वर्षांत तिला एकदाही दंड झाला नव्हता, आणि आता साठची मर्यादा असताना चौसष्टने गाडी पळवल्याची नोटीस!

"सुई साठच्या वर गेलीच नाही रे," ताई मेहुण्याला म्हणाली. "शिकायला येणाऱ्यांना काय तोंड दाखवू?"

भावोजींनी भिंगातून नोटीस पाहिली, तीही उलटी धरून. "कॅमेरा फितूर झालाय."

"भावोजी, कॅमेऱ्याला कोण फितवणार?"

"तिथंच तर पाणी मुरतंय!"

तासाभरात भावोजींच्या तर्कांत रस्त्याला छुपा उतार फुटला, वाऱ्याने गाडीला मागून ढकललं आणि शेवटी समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने सुई वाकवली. त्याला जाब विचारायला भावोजी उठले. मेहुण्याने त्यांची एक चप्पल लपवली. सहायकाला अशीही कामं असतात.

तेवढ्यात शिवणकाम सोडून सासूबाई बाहेर आल्या. टेप गळ्यातच होती.

"जावईबापू, टायर नवे दिसतात."

"गेल्या आठवड्यात मीच बदलून आणले. जुन्यांपेक्षा रुबाबदार!"

"मापं जुळवून पाहिली होती?"

"त्यात काय पाहायचं? टायर गोल असतो. मी बघताक्षणी ओळखलं!"

सासूबाईंनी डिकीतली जुनी स्टेपनी काढायला लावली आणि तिला नि नव्या टायरला टेप लावली. "नवा जवळजवळ चार सेंटीमीटरने उंच आहे. घेर वाढला, म्हणजे चाक एका फेरीत जास्त पुढं जातं. मीटर मोजतोय जुन्याच मापाने. तो साठ म्हणतो तेव्हा गाडी चौसष्टने धावते. गिऱ्हाइकाचा घेर वाढला की मी नव्याने माप घेते, बाई!"

ताईने डोळे पुसले आणि कमरेवर हात ठेवले.

"काय हो, सापडला का गुन्हेगार?"

"सापडला," भावोजी भिंग खिशात घालत म्हणाले. "पण जरा सबुरीने घे. मी त्याला जवळून ओळखतो. मनाने फार चांगला आहे."

"मग त्याला म्हणावं, आत्ताच्या आत्ता जुन्या मापाचे टायर बसवून आण."

भावोजी मुकाट्याने निघाले. लपवलेली चप्पल काढून देऊन मेहुणाही सोबत गेला. टायरवरचा आकडा वाचायला कोणीतरी हवंच होतं.