गणोजीअण्णांची मागची सीट

आमच्या शेजारचे गणोजीअण्णा स्कूटरला किक मारण्याआधी मागे वळून रिकाम्या सीटला विचारायचे, "बसलीस का?" उत्तराची क्षणभर वाट बघायचे आणि मगच निघायचे. नव्वद साल उलटल्यावर मी नोकरीसाठी पुण्याहून बंगळुरात, बसवनगुडीत राहायला आलो, तेव्हा मला वाटलं, माणूस कामातून गेलेला दिसतोय.

पण अण्णांचं डोकं ठणठणीत होतं. घराणं बंगळुरात पिढ्यानपिढ्या मुरलेलं, पीण्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचा लेथचा कारखाना. झालं होतं एवढंच, की मैसूरच्या एका लग्नाला स्कूटरवरून जाताना नवराबायको वाटेत मद्दूरला वडे खायला थांबले आणि तुळसाक्का हात धुऊन येण्याआधीच अण्णा स्कूटर घेऊन निघाले. पुढच्या मंड्या गावापर्यंत बोलत गेले. मागून हुंकार येईना म्हणून वळून पाहिलं, तर सीटवर कोणी नाही! परत मद्दूर गाठेपर्यंत अक्का बंगळूरच्या बसमध्ये चढल्या होत्या.

तेव्हापासून अक्कांनी स्कूटर सोडली. चिकपेटेत साडी घ्यायची असली तरी त्या बसने जायच्या आणि अण्णा बसच्या मागोमाग रिकामी स्कूटर हाकायचे. थांब्यावर बस थांबली की तेही थांबायचे. कंडक्टरसुद्धा त्यांना ओळखायला लागला होता.

मग अण्णांनी एक सिनेमा पाहिला. रुसलेलं जोडपं मोटारीनं लांबच्या प्रवासाला निघतं आणि वाटेत त्यांचं पुन्हा जुळतं. अण्णा घरी आले ते अक्कांना सिनेमाची गोष्ट सांगत, ओरडतच. "ठरलं म्हणजे ठरलं! हिला घेऊन मैसूर. त्याच रस्त्यानं!"

अक्का तांदूळ निवडत होत्या. "त्या बाईच्या मोटारीला दार होतं," म्हणाल्या.

दुसरा कोणी गप्प बसला असता. अण्णांनी कारखान्यात मागच्या सीटला लोखंडी दार केलं, कडीसकट. अख्खी गल्ली हसली, अक्का हसल्या नाहीत. अण्णांनी कडीला तेल घातलं आणि रोज सकाळी स्कूटर खिडकीखाली आणून उभी करायला लागले.

शेवटी मीच वैतागलो. "अण्णा, बसनं जा ना दोघं मैसूरला!"

"बसमध्ये ते होत नाही रे."

"काय होत नाही?"

अण्णा कडीशी चाळा करत राहिले. "त्या दिवशी मंड्यापर्यंत बोललो, ते हिला ऐकूच आलं नाही. तू माहेरी गेलीस की घर खायला उठतं, असलं सगळं. लग्न झाल्यापासून कधी म्हटलं नव्हतं. तोंडासमोर मला बोलायला येत नाही. समोर रस्ता असला की स्वल्प येतं."

वर खिडकीत तांदळाचं ताट वाजायचं थांबलं होतं.

थोड्या वेळानं अक्का चप्पल घालून बाहेर आल्या. सीटवर बसल्या आणि कडी स्वतःच लावली.

सवयीनं अण्णांनी विचारलं, "बसलीस का?"

"बसले. आता वळून बघू नका. रस्त्याकडे बघा आणि पहिल्यापासून सांगा."