सोफा पडून गंजलेली चेन

धाकट्याच्या नजरेतून आजवर एकही दोष सुटलेला नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा, कुणी विचारलेलं नसताना.

नोकरीच तशी होती. भाड्याची घरं सांभाळणाऱ्या एका कंपनीत तो कामाला होता. भाडेकरूने सामान हलवलं की हा टॉर्च, टेप आणि पॅड घेऊन रिकाम्या घरात शिरायचा आणि काय काय बिघडलंय त्याची यादी करायचा. ‘बाहेरची खोली, खिडकीकडची भिंत : खिळ्याची अकरा भोकं, पैकी दोन टूथपेस्टने बुजवलेली.’ टूथपेस्ट तो वासावरून ओळखायचा आणि पुदिन्याची की लवंगेची तेही लिहायचा. त्याचे साहेब म्हणायचे, “याला आरशासमोर उभा करू नका रे, ऑफिस सुटेपर्यंत यादी संपायची नाही.” एका मुलीने तर पहिल्याच भेटीनंतर त्याला फोन करणं बंद केलं होतं, कारण तिने घर दाखवायला नेलं आणि याने छतातली ओल दाखवली. ओल खरी होती, एवढंच त्याचं त्यावर म्हणणं होतं.

तर एका मंगळवारी धाकटा तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात फरश्या वाजवून बघत होता आणि खाली धप्पकन आवाज झाला. शेजारच्या जिन्यात कुणी नवे राहायला येत होते. टेम्पोतून उतरवताना तीन माणसं ऐसपैस बसतील असा सोफा हमालांच्या हातून निसटला आणि धाकट्याच्या मोटरसायकलवर जाऊन बसला. मोटरसायकल आडवी झाली. हँडल वाकलं, डावा आरसा फुटला आणि डावा इंडिकेटर वायरीला लोंबकळू लागला. सोफ्याला काहीही झालं नाही. धाकट्याने तो तपासला.

मोटरसायकल एकोणीस वर्षांची होती आणि खरं तर ताईची होती. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण, तेरा वर्षांनी मोठी, हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. पहिल्या पगारावर हप्ता बांधून तिने ती घेतली होती. आई-बाबा दोघंही पहाटेच्या शिफ्टला जात, त्यामुळे धाकट्याला शाळेत सोडायचं काम ताईकडे आणि मोटरसायकलीकडे असे. पाच वर्षांपूर्वी ताईची कंबर धरायला लागली तेव्हा तिने किल्ली त्याच्या हातात दिली. कागद मात्र तिच्याच नावावर राहिले. आता आई-बाबा गावाकडच्या घरी राहत होते आणि इथे ही दोघं होती. अशा गाडीला अंग टेकून उभं राहायचं, लोकांनी तिला नावं ठेवली की ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, आणि पार्किंगमधून निघताना एकदा मागे वळून बघायचं, हे धाकटा रोज करायचा. ताईला त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. असलं काय सांगायचं?

“आरसा आणि इंडिकेटरच ना? मिस्त्रीकडे टाक आणि मोकळा हो,” ताई म्हणाली.

“का म्हणून? विमा कशासाठी भरतो आपण?”

“मी भरते.”

“तेच. फॉर्म मी भरतो. असा भरतो की कंपनी उलटून एक शब्द विचारणार नाही.”

आणि कंपनीने खरोखरच एक शब्द विचारला नाही. तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

फॉर्मवर ‘वाहनाचे नुकसान’ या शब्दांखाली चार ओळी होत्या आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरात ‘जागा अपुरी पडल्यास पुरवणी जोडावी’. हे वाक्य आजवर कुणी मनावर घेतलं नसेल. धाकट्याने घेतलं. रविवारी सकाळी तो पार्किंगमध्ये बुटकं स्टूल टाकून बसला. हँडल लिहिलं, आरसा लिहिला, इंडिकेटर लिहिला. मग नजर टाकीवर गेली. नजर गेली आणि हातात पेन होतं. टाकीवरून ती सीटवर आली, सीटवरून चेनवर, चेनवरून मडगार्डच्या आतल्या बाजूला, जिथे गाडी बनवणाऱ्यांनंतर कुणीच डोकावलं नव्हतं. जेवायच्या वेळेला त्रेसष्ट दोष झाले होते. पुरवण्या सात.

यातलं सोफ्याने काय केलं आणि आधीचं काय, हे त्याने लिहिलं नाही. घरांच्या यादीत ते लिहायचंच नसतं. ते साहेब आणि भाडेकरू भांडून ठरवतात. आपण फक्त जे दिसतं ते लिहायचं. सात वर्षांची सवय.

ताईने ड्युटीला निघताना, एका पायात चप्पल घालता घालता सही केली. “तू लिहिलंयस म्हणजे बरोबरच असणार.”

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तेव्हा त्याला दिवसभरात आणखी सहा गाड्या बघायच्या होत्या. त्याने यादी हातात घेतली आणि गाडीशी ताडून बघत गेला. टिक. टिक. टिक. विसाव्या टिकेला त्याने घाम पुसला, चाळिसाव्याला पाणी मागितलं आणि त्रेसष्टाव्याला चष्मा काढला.

“बावीस वर्षं हे काम करतोय मी,” तो म्हणाला. “लोकांचं अर्धं खोटं निघतं. तुमचं एकसुद्धा नाही.”

धाकटा चक्क लाजला.

दहा दिवसांनी पत्र आलं. यादीतल्या त्रेसष्ट गोष्टी नव्याने बसवायला जो खर्च येईल तो वाहनाच्या किमतीच्या पावणेपाच पट होत असल्याने वाहन टोटल लॉस धरण्यात आलं आहे. म्हणजे गाडी संपली. धाकट्याने हे पत्र पार्किंगमध्ये, त्याच गाडीवर बसून वाचलं. मग तीच गाडी चालवत तो मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्रीने यादी वाचली. सावकाश, ओठ हलवत.

“सोफा पडला म्हणता?”

“हो.”

“आणि सोफा पडून चेन गंजली.”

धाकट्याने चेनकडे बघितलं.

“टायर झिजला, तोही सोफ्याने. मागच्या पाटीवरचा आकडा पुसट झाला. काय सोफा होता हो! कुठे मिळतो?”

“तुम्ही दुरुस्तीचं सांगा.”

“दुरुस्ती काय सांगायची? हँडलमध्ये पाइप घालून सरळ करतो. आरसा माझ्याकडे पडलाय. इंडिकेटर पोराच्या सायकलला लावला होता तो काढून देतो. दुपारी या घ्यायला.”

“पण बाकीचे साठ?”

“त्यांना काय होतंय? चालतायत की.”

तेव्हा धाकट्याला पहिल्यांदा आपण काय करून बसलोय ते समजलं आणि तो तडक विमा कंपनीत गेला. खिडकीवरच्या बाई स्वेटर विणत होत्या. त्यांनी टाके मोजून होईपर्यंत त्याला थांबवलं.

“मॅडम, मला यादी बदलायचीय.”

“का? खोटं लिहिलंय?”

“छे. सगळं खरं आहे.”

“मग?”

“पण ते सगळं सोफ्याने झालेलं नाही.”

बाईंनी सुया खाली ठेवल्या. “म्हणजे खोटा दावा. तसं लिहून द्या, मी पुढे पाठवते. सही कुणाची आहे यावर?” त्यांनी शेवटचं पान बघितलं. “ही कोण?”

“माझी बहीण,” धाकटा म्हणाला आणि लगेच म्हणाला, “सोफ्यानेच झालं सगळं.”

“चेनसुद्धा?”

“चेन तर पहिल्यांदा.”

बाईंना त्याची दया आली असावी. त्यांनी ड्रॉवरमधून दोन फॉर्म काढले. निळा भरला तर पैसे कमी मिळणार, पण मोडकी गाडी मालकाकडेच राहील. मग ती दुरुस्त करा नाहीतर उशाशी घेऊन झोपा. पिवळा भरला तर पैसे पूर्ण मिळतील, गाडी कंपनी उचलून नेईल आणि मालकाने नवी घ्यावी. दोन्हीला एकच अट. मालकाने यादीच्या प्रत्येक पानावर सही करायची, म्हणजे उद्या कुणी वाचलंच नव्हतं म्हणायला नको.

धाकट्याने मिस्त्रीला फोन करून पाइप तयार ठेवायला सांगितलं आणि घरी येऊन निळा फॉर्म वर, पिवळा खाली असे टेबलावर ठेवले. त्याच्या मते हा प्रश्न इथे मिटला होता.

ताईने चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

“सीटची शिवण वाकडी, अकुशल हाताचे काम.” ती थांबली. “हे मी शिवलं होतं.”

“माहितेय.”

“गोणपाट शिवायच्या सुईने. तुझी पँट फाटत होती म्हणून.”

“ताई, ते आपलं कामाच्या भाषेत...”

“टाकीला डावीकडे खोलगट पोचा, लिंबाएवढा. हा तुझ्या कपाळाने पडलाय. तिसरीत होतास. पुढे बसायचास आणि मी ब्रेक मारला. तुझ्या कपाळाला काही झालं नव्हतं, ते नाही लिहिलंस?”

“ते वाहनाचं नुकसान नाही.”

“मागच्या पायदानाचं रबर एकाच बाजूने झिजलेलं. झिजणारच. नंतर मागे बसायला लागलास आणि शाळा येईपर्यंत पाय आपटत पाढे म्हणायचास. सतराचा आला की गाडी हलायची.”

ती वाचत राहिली. पाचव्या पानानंतर तिने मोठ्याने वाचणं बंद केलं. धाकट्याला ते मोठ्याने वाचण्यापेक्षा वाईट वाटलं.

“मी रोज माणसांची मोडलेली हाडं बघते,” शेवटी ती म्हणाली. “जिन्यावरून पडलेली, ट्रकखाली आलेली. त्रेसष्ट मी एकातही पाहिली नाहीत.” तिने चष्मा काढला. “तुला काय वाटतं? ठेवायची की नवी घ्यायची?”

आता त्याने फक्त ‘ठेवूया’ म्हणायचं होतं. तीन अक्षरांचं काम. पण त्रेसष्ट दोष स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून वर ‘ठेवूया’ म्हणायला तोंड लागतं आणि त्याचं नेमकं कोरडं पडलं. शिवाय तिचा चेहरा बघून त्याला वाटलं, हिलाच आता ही गाडी डोळ्यांसमोर नकोय. कंबर हिची, पैसे हिचे. आपण कशाला हट्ट करायचा?

“तू म्हणशील तसं,” तो म्हणाला.

ताईने थोडा वेळ वाट बघितली. मग निळा फॉर्म बाजूला सारला आणि पिवळ्यावर सही केली. नंतर सातही पानांवर केली, एकेक, नीट, एक्स-रेच्या पाकिटावर करायची तशी.

गुरुवारी सकाळी ट्रक आला. ट्रकवाला एकटाच होता, पाठीला पट्टा बांधलेला. त्याने फळी लावली, कागद बघितला आणि गाडीकडे बघितलं.

“ढकलायला या,” तो म्हणाला. “इंजिन सुरू होत नाही असं लिहिलंय.”

धाकट्याने लिहिलं होतं, ‘इंजिन पहिल्या किकला सुरू होत नाही.’ सर्व्हेअरने ते आपल्या कागदावर उतरवताना आखूड केलं होतं. धाकटा निमूटपणे मागून ढकलायला लागला. फळीच्या मध्यावर ट्रकवाल्याची पाठ भरली.

“थांबा. एकदा मारून बघतो. पडून पडून कधी कधी होते.”

“नाही होणार,” धाकटा घाईने म्हणाला. “मी रोज... म्हणजे नाहीच होणार.”

ट्रकवाल्याने किक मारली. या गाडीला सकाळी अकरा किक लागायच्या, थंडीत चौदा. एकोणीस वर्षांत ती पहिल्या किकला कधीच सुरू झाली नव्हती. ती सुरू झाली. नुसती सुरू झाली नाही, अशी गुरगुरली की वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी खिडकीतून खाली बघितलं. ट्रकवाल्याने कागद पुन्हा वाचला, धाकट्याकडे बघितलं, आणि आपल्याला काय करायचंय अशा आविर्भावात ती चढावरून चालवत वर नेली. तिथेच वळवून दोरीने बांधली आणि ट्रक निघाला.

ताई दारात उभी होती. “एका किकला,” ती म्हणाली. “माझ्याकडून कधी झाली नाही.”

“माझ्याकडूनही.”

“जाऊ दे. तुझी सुटका झाली एकदाची. पाच वर्षं माझी भंगार गाडी ओढलीस, एका शब्दाने बोलला नाहीस. मला वाटायचं, आवडते तुला.”

धाकट्याने वळून बघितलं. “म्हणजे तुला नको होती म्हणून तू...”

“मला? मला कशाला नको असेल? त्रेसष्ट कुणी लिहिले?”

“ताई, मला ती हवी होती.”

ट्रक कोपऱ्यावरच्या सिग्नलला थांबला होता.

“मग उभा काय राहिलास? चल, गाठू त्याला. गाडी काढ,” ताई म्हणाली.

धाकटा सवयीने पार्किंगकडे चार पावलं धावलाही. मग थांबला. गाडी ट्रकवर होती.

मग ती दोघं पायीच पळाली. हा पुढे, ताई कंबरेवर हात ठेवून मागे. ती कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत सिग्नल सुटला. मोटरसायकल तोंड मागे करून बांधलेली होती, म्हणजे जाता जाता तिने त्यांच्याकडे बघायला हरकत नव्हती. पण तिचा हेडलाइट जरासा बाजूला वळलेला असल्यामुळे ती शेवटपर्यंत फुटपाथवरच्या चष्म्याच्या दुकानाकडे बघत गेली.

परत येताना ताई दोनदा थांबली. दुसऱ्यांदा ती एका कट्ट्यावर बसली आणि धाकटा तिच्या शेजारी बसला.

“एवढं सगळं लिहिलंस,” तिने दम खात विचारलं, “तर आवडते एवढंच लिहायला काय झालं होतं?”

“कुठे लिहिणार? तसा रकानाच नव्हता.”

“होता की. ‘शेरा’ म्हणून होता, फॉर्मच्या शेवटच्या पानावर, माझ्या सहीच्या वर. चांगला चार बोटं मोठा होता. कोराच होता. मला वाटलं, तुला काही म्हणायचं नसेल.”

तो रकाना धाकट्याला दिसलाच नव्हता.