सासऱ्यांच्या गुडघ्यांची वाटणी

भांडण नको म्हणून मी एका रविवारी माझ्या सासऱ्यांचे गुडघे वाटून घेतले. डावा त्यांच्या तेलाला दिला, उजवा विज्ञानाला. (शेताच्या वाटणीत जावयाला कुणी विचारत नाही. गुडघ्यांच्या वाटणीत मी स्वतःहून घुसलो.)

झालं असं, की माझी मेहुणी पुष्पांजली हिचं लग्न ठरलं. जानेफळला सासुरवाडीत सगळे खूश, फक्त सासरे भगवंतराव काळजीत. कन्यादानाला पाटावर मांडी घालून बसायचं आणि त्यांचे दोन्ही गुडघे वाकायला तयार नाहीत. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तर म्हणाले, जन्मभर वखर हाकलला, आता व्यायाम कशाचा. आणि अमडापूरच्या बाजारात बसणाऱ्या हिंमतरावांकडून जडीबुटीचं तेल घेऊन आले. “खुर्चीवर बसून लेक देऊ का मी?” असं ते म्हणाले, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

पण वाईट वाटलं म्हणून मी गप्प बसेन, असा माझा स्वभाव नाही.

“मामाजी, हे तेल कुणी तपासलंय का?”

“हाव. आख्ख्या बाजारानं.”

“तसं नाही. त्याचा काही अभ्यास, काही पुरावा?”

“हिंमतरावाच्या मायचे गुडघे बरे झाले ना.”

“असं हिंमतरावच सांगतो.”

“मंग काय त्याच्या मायले साक्षीले आनू?”

आतून माझी बायको सुचिता म्हणाली, “एवढे हुशार आहा तं तुमीच तपासा ना.”

मी कृषी खात्यात लिपिक आहे. आमच्याकडे नवीन औषध आलं की शेताच्या एका पट्ट्यावर फवारतात, शेजारचा पट्टा कोरा ठेवतात आणि नंतर दोन्ही ताडून बघतात. सासऱ्यांच्या सोयाबीनमध्येही असा प्रयोग झाला होता. जे सोयाबीनला जमतं ते गुडघ्यांना का जमू नये, असं मला वाटलं. सारख्या दोन बाटल्या घेतल्या. एकीत हिंमतरावांचं तेल ओतलं, दुसरीत घरचं तिळाचं तेल आणि वासाला थोडी निलगिरी. पहिलीवर ‘डावा’ लिहिलं, दुसरीवर ‘उजवा’. कोणत्या बाटलीत काय आहे ते कुणालाच सांगितलं नाही. (बायकोलासुद्धा नाही. विज्ञानासाठी माणूस कुठवर जातो बघा.)

मग रोज फोन.

“डावा कसा आहे, मामाजी?”

“बरा हाये.”

“आणि उजवा?”

“त्याच्याहून बरा.”

मी हवेत. तिळाच्या तेलाने हिंमतरावांना चीत केलं होतं. ऑफिसात मी साहेबांना भाषणच ठोकलं, की जडीबुटीला उगाच हसू नये आणि उगाच डोक्यावरही घेऊ नये, नीट मोठे प्रयोग करावेत, मग काय ते बोलावं. साहेब म्हणाले, आधी पीकविम्याची फाईल घेऊन या.

लग्नाआधी आम्ही जानेफळला पोचलो, तर सासूबाई सरस्वतीबाई चुलीवर तेल कोमट करत होत्या. एकाच पातेल्यात.

“मामीजी, बाटल्या दोन होत्या.”

“हाव. म्या एक केल्या.”

“काऊन?” (धक्का बसला की माझी भाषा थेट गावाला जाते.)

“एका गुडघ्याले भारी आन् एकाले हलकं? दोनी एकाच मानसाचे हायेत ना? वरून रोज रुईचं पान बी बांधलं.”

बाजेवरून सासरे म्हणाले, “आन् रातच्याले डाक्टरची गोळी घेतो. घरात कोनी नसलं का व्यायाम बी करून राह्यलो.”

मी डोकं धरलं. आता हा माणूस कशाने बरा होतोय, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

“अहो, एक पट्टा कोरा ठेवायचा असतो. सोयाबीनमध्ये ठेवला होता ना तुम्ही?”

सासरे सासूबाईंकडे बघायला लागले.

“साहेब लोक गेले का त्याच्यावर बी मारलं औषध,” सासूबाई म्हणाल्या. “जित्या पिकाले कोनी उपाशी ठेवते का?”

त्या प्रयोगाचा अहवाल मीच टाइप केला होता. दोन्ही पट्ट्यांचं पीक सारखंच आलं, सबब औषध निरुपयोगी, असं त्यात ठळक अक्षरांत आहे.

लग्नात सासरे पाटावर बसले. मांडी घालून. लेकीचा हात हातात घेतला आणि रडले. मीही रडलो. कशाने का होईना, बसले होते. त्या घडीला मला कोणताही पुरावा नको होता.

अडचण उठताना आली. गुडघे हलेनात. मोठा जावई म्हणून मी पुढे झालो, त्यांच्या काखेत हात घातले आणि जोर लावला. सासरे उठले. मी मात्र वाकलेलाच राहिलो. कमरेत अशी उसण भरली, की चौघांनी उचलून मला मंडपातल्या गादीवर पालथं घातलं.

“काय करू?” सासूबाईंनी विचारलं. “तेल लावू, रुई बांधू, मिठाचा शेक देऊ, का डाक्टर बलावू?”

“सगळं करा,” मी म्हणालो.

हिंमतराव लग्नाला आलेलेच होते. हातातली पत्रावळ ठेवून त्यांनी स्वतः माझी कमर चोळली आणि कुणाला तरी मोबाइल देऊन त्याचं शूटिंगही करून घेतलं.

आठवडाभरात कमर सरळ झाली आणि ते शूटिंग जिल्हाभर फिरलं. ‘कृषी खात्याच्या साहेबांचा स्वतःच्या कमरेवर यशस्वी प्रयोग. खात्रीसाठी संपर्क करा.’ खाली माझा नंबर. (सासऱ्यांनी दिला होता, कौतुकाने.)

काल वडनेर भोलजीहून एका बाईंचा फोन आला.

“साहेब, या तेलानं दुखनं जाते का?”

“हे बघा बाई, एका माणसावरून तसं सांगता येत नाही. पुष्कळ माणसं घ्यावी लागतात. अर्ध्यांना हे तेल द्यायचं, अर्ध्यांना न सांगता साधं तेल द्यायचं...”

“तुमचं दुखनं गेलं का नाही, तेवढं सांगा.”

समोर सुचिता बसलेली. खोटं बोलायची सोय नव्हती.

“गेलं,” मी म्हणालो.

“मंग दोन बाटल्या पाठवा,” त्या म्हणाल्या. “आन् ते अर्ध्या लोकायले न सांगता साधं देता म्हनले, त्यातली मले देऊ नका.”